थोड्या रुग्णांवरून औषधाची पारख

एखादे औषध गुणकारी आहे किंवा नाही, हे एका रुग्णाच्या अनुभवावरून ठरविता येत नाही. हजारो रुग्ण उपलब्ध असतील तेथे संख्येच्या बळावर उत्तर मिळते. परंतु रोगच विरळा असेल तर काय करावे? आपल्या देशातील २०१९ च्या नियमांनुसार, ज्या रोगाचे रुग्ण देशात ५ लाखांहून अधिक नाहीत, त्या रोगावरील औषधास ‘अनाथ औषध’ म्हणतात. अशा औषधांची परीक्षा कशी होते, याचा येथे थोडक्यात विचार केला आहे.

सिकलसेल हा रोग जगाच्या पुष्कळ भागांत विरळा असला तरी मध्य भारतात तो परिचित आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. तथापि पांढुर्णा-सौंसर भागातील सावरगावसारख्या एकाच गावापुरते पाहिल्यास, सारख्या वयाचे व सारख्या तीव्रतेचे रुग्ण मोजकेच मिळावयाचे. म्हणून विरळ रोगाची अडचण समजून घेण्यास हे उदाहरण सोयीचे आहे.

तुलनेची आवश्यकता

समजा, गेल्या वर्षी ज्यांना तीन किंवा अधिक वेळा तीव्र वेदनांचा झटका आला, अशीच मुले औषधासाठी निवडली. झटक्यांची संख्या दरवर्षी कमीअधिक होत असते. वाईट वर्ष पाहून निवडलेल्या मुलांचे पुढील वर्ष औषधाविनाही बहुधा बरे जाते. हे श्रेय चुकून औषधास मिळते. हा भ्रम टाळण्याचा मार्ग एकच : तशीच मुले दुसऱ्या गटात ठेवणे आणि कोणी कोणत्या गटात जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविणे. रुग्ण थोडे आहेत म्हणून ही शिस्त सैल करता येत नाही.

नागपूर येथील चाचणीत हेच पथ्य पाळले गेले. ५ ते १८ वर्षे वयाच्या, तीव्र लक्षणे असलेल्या ६० मुलांची दोन गटांत विभागणी करून एका गटास हायड्रॉक्सीयुरिया, वजनाच्या प्रत्येक किलोस रोज १० मिलिग्रॅम, व दुसऱ्यास औषधविरहित गोळी १८ महिने देण्यात आली. कोणास काय मिळते, हे रुग्णास व तपासणाऱ्या डॉक्टरांसही ठाऊक नव्हते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेणाऱ्या गटात वेदनांचे झटके व रक्त देण्याचे प्रसंग स्पष्टपणे कमी झाले.

योगायोगाचे गणित

आठ रुग्णांपैकी चौघांना औषध दिले, असे समजू. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. सर्वांत कमी झटके आलेले चारही रुग्ण औषधाच्याच गटातील निघाले, तर केवळ योगायोगाने असे घडण्याची संभाव्यता ७० त १, म्हणजे सुमारे १.४ टक्के होय. मात्र त्या चौघांतील एक जण दुसऱ्या गटातील असेल, तर तितका किंवा त्याहून अनुकूल निकाल योगायोगाने येण्याची संभाव्यता ७० त १७, म्हणजे सुमारे २४ टक्क्यांवर जाते. अशा निकालावर कोणी विसंबू नये. एका रुग्णाच्या नोंदीने निर्णय पालटतो, हेच लहान चाचणीचे मर्म आहे.

रुग्णाची स्वतःशी तुलना

दुसरी पद्धत अशी की, प्रत्येक रुग्णास काही काळ औषध व काही काळ साधी गोळी द्यावी. क्रम चिठ्ठीने ठरवावा. पाच रुग्णांपैकी पाचही जणांना औषधाच्याच काळात बरे वाटले, तर योगायोगाची संभाव्यता ३२ त १ उरते. थोड्या रुग्णांतही उत्तर मिळते ते असे. परंतु ज्याचा परिणाम दिसण्यास महिने लागतात, त्या हायड्रॉक्सीयुरियास ही पद्धत सोयीची नाही. लवकर गुण येणाऱ्या व लवकर ओसरणाऱ्या औषधासच ती लागू पडते.

नोंदीचे मोल

वरील सर्व गणित झटक्यांच्या मोजणीवर उभे आहे. झटका कशास म्हणावयाचे, हे चाचणीपूर्वीच लिहून ठरवावे. निकाल पाहून मोजमाप बदलू नये. घरी सोसलेला झटका नोंदला गेला नाही, तर साठांच्या चाचणीत फरक थोडा पडेल, आठांच्या चाचणीत निकालच उलटेल. म्हणून आशा कार्यकर्ती व आरोग्यसेवक यांनी तारीख, वेदनेचा काळ व दिलेले उपचार त्याच दिवशी नोंदवहीत लिहावेत. औषध न मिळालेल्या मुलांनीही ते दुखणे सोसलेले असते. ते व्यर्थ न जाऊ देणे या नोंदींच्याच हाती आहे.