तारीख उलटी मोजावी

परदेशातील उच्च शिक्षणाच्या तयारीत विद्यापीठाची निवड आणि परीक्षेतील गुण यांचा जितका विचार होतो, तितका कागदपत्रांच्या क्रमाचा आणि त्यांना लागणाऱ्या काळाचा होत नाही. वस्तुतः प्रवेश मिळूनही ज्यांचे जाणे लांबते, त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत उणीव गुणवत्तेची नसून वेळेच्या हिशेबाची असते. जर्मनीच्या संदर्भात ही गोष्ट विशेष जाणवते. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत (बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला 1,500 युरो आकारते), त्यामुळे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांचा ओढा तिकडे वाढला आहे. परंतु शुल्क नाही म्हणजे पूर्वतयारी सोपी आहे, असा समज करून घेणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

प्रस्तुत लेखिकेने ती किंमत मोजलेली आहे. जर्मनीतील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र तिच्या हाती जूनमध्ये आले, तेव्हा शैक्षणिक मूल्यांकनाच्या प्रमाणपत्रासाठी तिने अर्जसुद्धा केलेला नव्हता, कारण ते काम प्रवेशानंतर करता येते, असे एका सल्लागाराने सांगितले होते आणि ते तिने पडताळून पाहिले नव्हते. त्यातच गुणपत्रिकांवरील आणि पारपत्रावरील नावांत तफावत निघाली, खुलासा आणि प्रतिज्ञापत्र यांत आणखी काही आठवडे गेले, आणि व्हिसाच्या अर्जाची वेळ मिळाली तेव्हा सत्र सुरू होऊन महिना उलटला होता. प्रवेश रद्द झाला आणि एक वर्ष वाया गेले. पुढील विवेचनाचा हेतू इतरांचे असे वर्ष वाचावे, एवढाच आहे.

ज्याला विद्यार्थी बोलण्यात ‘एपीएस’ म्हणतात, ते प्रमाणपत्र म्हणजे भारतातील पदव्या आणि गुणपत्रिका अस्सल असल्याची पडताळणी होय. ती नवी दिल्ली येथील मूल्यांकन केंद्राकडून केली जाते आणि 1 नोव्हेंबर 2022 पासून, काही अपवाद वगळता, भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ती सक्तीची आहे. अर्जांची गर्दी असताना या पडताळणीला अनेक आठवडे लागतात आणि पुष्कळ विद्यापीठे प्रवेश-अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच त्याच्या अर्जाची तयारी करावी आणि तयारीच्या क्रमात त्याला पहिले स्थान द्यावे.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना विशेष लागू पडतो. येथील गुणपत्रिकांवर बहुधा प्रथम आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि आईचे नाव स्वतंत्रपणे छापलेले असते. पारपत्रावर मात्र आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असून दुसऱ्या रकान्यात वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. दहावीच्या गुणपत्रिकेपासून पारपत्रापर्यंतचे सर्व कागद एकदा शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, स्पेलिंगमधील फरकही क्षुल्लक मानू नये आणि जी दुरुस्ती किंवा जे प्रतिज्ञापत्र लागेल, ते अर्जापूर्वीच करून घ्यावे.

गुणांच्या रूपांतराकडेही असेच दुर्लक्ष होते. जर्मन पद्धतीत 1.0 ही सर्वोत्तम आणि 4.0 ही उत्तीर्णतेची शेवटची श्रेणी असते. परदेशी गुण या मापात आणण्यासाठी कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करतात, त्या वजाबाकीला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधील अंतराने भागतात, भागाकाराला 3 ने गुणतात आणि त्यात 1 मिळवतात. यालाच सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. दहापैकी 7 गुणांक असलेल्या विद्यार्थिनीच्या विद्यापीठात उत्तीर्ण होण्याची मर्यादा 4 असेल, तर तिची जर्मन श्रेणी 2.5 येते, तीच मर्यादा 5 धरली गेली, तर ती 2.8 होते. ज्या अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट 2.5 आहे, तेथे एवढ्या फरकाने अर्ज बाद होऊ शकतो. यासाठी किमान उत्तीर्ण गुण स्पष्टपणे नमूद केलेले पत्र आपल्या विद्यापीठाकडून अगोदरच मिळवून ठेवावे.

पैशाच्या बाबतीत ‘श्पेरकोन्टो’, म्हणजे प्रतिबंधित खाते, ही संकल्पना समजून घेणे आवश्यक आहे. या खात्यात एका वर्षाचा निर्वाहखर्च आगाऊ भरावा लागतो आणि जर्मनीत पोहोचल्यावर त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते; 1 सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो ठरवण्यात आली. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असल्याने ही तरतूद अर्ध्या वाटेपर्यंतच पुरते, याचे भान कर्ज काढतानाच ठेवले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले आणि तो पूर्ण करण्यासाठी 1920 मध्ये ते पुन्हा तेथे गेले. असामान्य विद्वत्तेलाही जेथे पैशाअभावी थांबावे लागले, तेथे दुसऱ्या वर्षाचा खर्च अर्धवेळ कामातून निघेल, या गृहीतकावर विसंबणे धोक्याचे आहे.

तेथे पोहोचल्यावरही क्रम सुटत नाही. राहत्या पत्त्याची नोंदणी, जिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी निवासपरवान्याचा अर्ज करताना हीच नोंदणी उपयोगी पडते. त्यामुळे खोली भाड्याने घेताना नोंदणीसाठी पत्र मिळेल का, हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि करार हाती आल्याशिवाय व तो देणाऱ्याची खात्री पटल्याशिवाय अनामत रक्कम पाठवू नये.

या सर्वांचा मेळ घालण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तारीख उलटी मोजणे. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होत असेल, तर व्हिसाचा अर्ज जूनच्या सुमारास जावा. त्यासाठी प्रवेशपत्र मे महिन्यापर्यंत हवे. त्यासाठी मूल्यांकनाचे प्रमाणपत्र वर्षाच्या आरंभी हाती असावे. आणि त्यासाठी नावांची दुरुस्ती आदल्या दिवाळीपर्यंत संपलेली असावी. अनेक अभ्यासक्रमांच्या अर्जाची अंतिम तारीख 15 जुलै असते, पण व्हिसाची गरज असलेल्यांनी ती आपली तारीख समजू नये, कारण तिच्यानंतर उरणारा काळ अपुरा पडतो. सल्लागाराचे साहाय्य घेण्यास हरकत नाही, मात्र त्याने सांगितलेली प्रत्येक अट दूतावासाच्या आणि विद्यापीठाच्या अधिकृत सूचनांशी स्वतः ताडून पाहावी. ज्या विद्यार्थ्याला पुढील वर्षी जायचे आहे, त्याने या आठवड्यातच पारपत्र आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून आपले नाव वाचावे.