टिकाऊ व्हिडिओ केबल घरी कशी तयार करावी?

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) जिल्ह्याचाही त्यात समावेश होता. अशा उपक्रमात संच उत्तम असला, तरी केबलचा एक सांधा निखळताच पडदा कोरा राहतो व वर्गाचा पाठ थांबतो. बाजारातील बंदिस्त प्लगची केबल सहसा उघडून दुरुस्त करता येत नाही. स्वतः तयार केलेली येते. म्हणून बीदर व कलबुर्गी भागातील शाळांनी ही कृती अवगत करून घ्यावी.

केबल ७५ ओहमची कोॲक्सियल घ्यावी. तिच्यात मधली तांब्याची तार, तीवर पांढरे विद्युत्‌रोधक आवरण, त्यावर तारांची जाळी व बाहेर कवच असते.

१. प्लगचे टोपण केबलमध्ये आधी ओवावे. नंतर ते घालता येत नाही.

२. जाळी न कापता बाहेरील कवच सोलावे. जाळीचा एकही धागा मधल्या तारेस लागू देऊ नये.

३. मधली तार प्लगच्या खुंटीस व जाळी बाहेरील भागास डाखाने जोडावी. डाख त्वरित द्यावा, अन्यथा आवरण वितळते.

४. प्लगची पकड कवचावर घट्ट आवळावी. ओढ डाखावर येता कामा नये. टिकाऊपणाचे मर्म येथेच आहे.

५. मल्टिमीटरने तपासावे. दोन्ही टोकांच्या खुंट्यांमध्ये रोध जवळजवळ शून्य असावा; खुंटी व जाळी यांच्यात मुळीच प्रवाह जाऊ नये.

केबल तीव्र कोनात वाकवू नये. पावसाळ्यापूर्वी सर्व सांधे पुन्हा तपासावेत.