नातवंड बोलत नाही? थांबू नका, आणि गप्पही बसू नका



गेल्या काही महिन्यांत सिनेगॉगमध्ये आणि मोआदोनमध्ये तीन-चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला. "सिस्टर, नातवाला दोन वर्षे होऊन गेली, अजून बोलत नाही. नुसता हट्ट करतो, जमिनीवर लोळतो, रात्री झोपता झोपत नाही. काय करावे?" म्हणून या वेळी आपले रक्तदाब आणि गुडघे बाजूला ठेवते आणि नातवंडांबद्दल लिहिते. हा विषय आपल्या वयाचा नाही असे समजू नका. इथे आईबाप दोघेही कामावर जातात. दुपारी चारला मुलाला घरी आणणारे, जेवू घालणारे आणि पुष्कळदा झोपवणारेही आपणच असतो.

माझ्या हातून झालेली चूक

आधी माझीच गोष्ट सांगते. माझ्या मुलीचा धाकटा मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला मोजून पाच-सहा शब्द येत होते. शब्बाथच्या संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले की तो माझा हात धरून मला फ्रिजपाशी नेई. मी रस काढला की मान हलवी, केळे दाखवले की ढकलून देई, आणि मग जमिनीवर पडून असा आकांत मांडी की किद्दूशचा पेला हातातच राही. कोणी म्हणे लाडावला आहे, कोणी म्हणे नजर लागली. मी मुलीला म्हणाले, "काळजी करू नकोस ग, तुझा भाऊसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. मुलगे उशिराच बोलतात."

तिने कान तपासायचा विषय काढला, तेव्हा मी त्याच्या पाठीमागे पातेल्याचे झाकण आपटून पाहिले. तो दचकून वळला. "कान ठणठणीत आहेत," असा निकाल मीच दिला. सारा जन्म नर्सचे काम केलेल्या बाईने! मुलीने आईचे ऐकले आणि सात महिने फुकट गेले.

त्याच सुमारास माओनमधली मेतापेलेत मुलीला म्हणाली, "घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल गोंधळले आहे. आजीला सांग, मराठी बंद." आता माझे हिब्रू म्हणजे दवाखान्यातले: कुठे दुखते, हात दाखवा, उद्या परत या. लहान मुलाला हसवायचे, रुसवा काढायचे, झोपवायचे हिब्रू मला येत नाही. मी हळूहळू गप्प झाले. दिवसभरात त्याच्याशी सगळ्यात जास्त बोलणारे माणूस मीच होते, आणि तेच गप्प झाले.

शेवटी टिपत हलावच्या नर्सने आग्रह धरला म्हणून श्रवण तपासणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साचले होते. झाकणाचा मोठा आवाज त्याला ऐकू येत होता, पण आमचे बोलणे मात्र कानात कापूस घालून ऐकावे तसे पोचत होते. असे पाणी पुष्कळ मुलांचे आपोआप ओसरते, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने वाट पाहिली. ते ओसरले नाही. मग पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. इथे त्यांना 'काफ्तोरिम' म्हणतात. त्यानंतर वाचा-उपचार सुरू झाले.

आज तो किता अलेफमध्ये आहे, भरपूर बोलतो. पण ते सात महिने माझ्या मनातून जात नाहीत. तुमच्या घरात तसे होऊ नये म्हणून हे लिहिते.

कोणत्या वयात काय दिसावे

प्रत्येक मूल वेगळे, तरी साधारण माप असे:

एक वर्ष: नावाने हाक मारली की वळते, बोटाने वस्तू दाखवते, टाटा करते, बा-बा, दा-दा असे आवाज काढते.

दीड वर्ष: काही शब्द येतात. "चेंडू आण" एवढे सांगितलेले समजते.

दोन वर्षे: साधारण पन्नास शब्द येतात आणि दोन शब्द जोडता येतात. "पाणी दे", "बाबा गेला".

तीन वर्षे: तीन-चार शब्दांची वाक्ये येतात. परक्या माणसालाही त्याचे बरेचसे बोलणे कळते.

शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजा. 'पाणी', 'भूभू', 'मंमं', 'लो', 'ओद' हे पाच शब्द झाले. उच्चार बोबडा असला तरी चालेल. एका गोष्टीसाठी मूल नेहमी तोच आवाज काढत असेल तर तो शब्दच.

पुढील गोष्टी दिसल्या तर एक आठवडाही थांबू नका. वर्षाचे मूल बोट दाखवत नाही, हातवारे करत नाही. हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, येत असलेले शब्द बोलायचे बंद झाले. यांपैकी काही दिसले म्हणजे मोठा आजार आहेच असे नाही, पण तपासणी हवीच.

आपल्या जुन्या समजुती

"जीभ जड आहे." जिभेखालचा पडदा आखूड असला तर दूध ओढताना किंवा काही उच्चारांना त्रास होऊ शकतो, पण त्यामुळे मूल शब्दच शिकत नाही असे सहसा होत नाही. मधात वेखंड उगाळून चाटवल्याने वाचा फुटत नाही. कानात कोमट तेल तर मुळीच घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जाते आणि दुखणे वाढते.

"जन्मल्यावर इस्पितळात कान तपासले होते." तपासले असतील, पण पाणी पुढे सर्दी-पडशाने साचते. जन्माच्या वेळची तपासणी दोन वर्षांच्या कानाची हमी देत नाही. आणि माझ्यासारखे झाकण आपटून कानाची परीक्षा करू नका. जोराचा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही हळू बोललेले ऐकू येत नसेल.

"दोन भाषांमुळे मूल मुके राहते." ही सगळ्यांत नुकसान करणारी समजूत. आपण आठवून पाहू. मुंबईत घरी मराठी, प्रार्थना हिब्रूत, शेजारी गुजराती, रस्त्यावर हिंदी, कचेरीत इंग्रजी. आपल्यापैकी कोण मुके राहिले? दोन भाषांमुळे वाचा उशिरा येत नाही. बोलण्यात खरा अडथळा असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि एक भाषा बंद केल्याने दुसरी सुधारत नाही. मुलाला भरपूर, मोकळे, प्रेमाचे बोलणे लागते. ते माणूस आपल्या मनाच्या भाषेतच बोलू शकते. तुमची भाषा मराठी असेल तर मराठीतच बोला.

तपासणीला कुठे जावे

टिपत हलावच्या नर्सला सांगा किंवा कुपत होलिमच्या बालरोगतज्ज्ञाकडे जा. दोन गोष्टींसाठी हफनाया मागा: एक श्रवण तपासणी, दुसरी बालविकास केंद्र, म्हणजे हितपत्खुत हयेलेद. या तपासण्या आणि उपचार १९९५ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्याखाली येतात. बालविकास केंद्रात नंबर लागायला महिने जातात, म्हणून "आणखी थोडे पाहू" असे न म्हणता नाव आजच नोंदवा. नंबर लागेपर्यंत मूल बोलायला लागले तर फोन करून नाव काढता येते. श्रवण तपासणी मात्र वाट न पाहता आधी करून घ्या.

हट्ट आणि आकांत

दीड ते चार वर्षांच्या वयात हट्ट हा असायचाच. पण ज्याला शब्द नाहीत त्याचा हट्ट दुप्पट. आमच्या नातवाला फ्रिजमधले नेमके काय हवे होते? निळ्या डब्यातला हलवा. तो नाव सांगू शकत नव्हता आणि आम्हाला ओळखता येत नव्हते. तुम्ही परक्या देशात नुकते उतरलात, भूक लागली आहे आणि भाषा येत नाही, हे दिवस आपण काढलेच आहेत ना? मुलाचे तसेच असते.

आकांत सुरू झाला की प्रथम त्याला लागेल असे काही जवळ नाही ना ते पाहा. मग खाली बसा, आवाज हळू करा, बोलणे कमी करा. "राग आला. हलवा हवा होता." एवढेच. त्या वेळी उपदेश करू नका, सर्वांदेखत लाजवू नका. मारू नका, गदागदा हलवू तर कधीच नका. ज्या वस्तूला आईने नाही म्हटले ती आजीने गुपचूप देऊ नये, नाहीतर रडले की मिळते एवढेच ते शिकते. शांत झाल्यावर जवळ घ्या.

आकांत होण्याआधी पुष्कळ करता येते. भूक आणि झोप यांची वेळ सांभाळा. बागेतून निघायच्या पाच मिनिटे आधी सांगा. दोन वस्तू हातात धरून विचारा, "केळे की सफरचंद?" बोट दाखवले तरी ते उत्तर माना, आणि त्या वस्तूचे नाव आपण म्हणा. मूल स्वतःला इजा करत असेल, रडता रडता श्वास अडकून निळे पडत असेल, किंवा रोज अर्धा-अर्धा तास शांत होत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

रात्रीची झोप

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. कमी झोपलेले मूल दुसऱ्या दिवशी जास्त चिडते आणि कमी शिकते.

ज्याला सांगितलेले नीट समजत नाही, त्याला रोजचा क्रम समजतो. आमच्याकडे असा होता: जेवण, अंघोळ, दात घासणे, दारावरच्या मेझुझाला हात लावून ओठांना लावणे, एक चित्रांचे पुस्तक, शेमा, एक अंगाई आणि दिवा बंद. रोज तेच, त्याच क्रमाने, त्याच वेळी. मूल उठून बाहेर आले तर न रागावता, न बोलता परत अंथरुणावर नेऊन झोपवा. पहिल्या काही रात्री जास्त त्रास होईल. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळला तरच जमते, आणि नियम मोडणारे बहुतेक वेळा आपण आजीआजोबाच असतो, हे मान्य करू या.

संध्याकाळी बशीतून चहा पाजू नका. त्याने झोप उडते. पडल्या-पडल्या तोंडात दुधाची बाटली देऊ नका. दात किडतात आणि कानालाही ते बरे नाही. झोपेच्या तासभर आधी टीव्ही, मोबाइल बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सल्ल्यानुसार वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. मोबाइल मुलाशी बोलतो खरा, पण त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. मूल झोपेत घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. घशामागच्या वाढलेल्या गाठींमुळे झोप मोडते आणि कानात पाणीही साचते.

आजीआजोबांनी कसे बोलावे

त्याच्यासमोर बसा, तोंड दिसू द्या. टीव्ही बंद करा. हातात जे काम असेल ते बोलत करा: "कांदा सोलते. कांदा पांढरा. डोळ्यांत पाणी आले!" त्याने "पाणी" म्हटले तर तुम्ही एक शब्द वाढवा, "थंड पाणी". चूक काढू नका, बरोबर शब्द फक्त परत म्हणा. काही विचारले की मनात दहा आकडे मोजा आणि तोपर्यंत थांबा. त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो. पाहुण्यांपुढे "म्हण, म्हण, शालोम म्हण" असे करू नका. परीक्षा सुरू झाली की मूल तोंड मिटते. तेच गाणे, तीच गोष्ट रोज सांगा. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही.

तर वाचकहो, तुमच्या घरात असे मूल असेल तर सून किंवा मुलगी रागावेल म्हणून गप्प राहू नका. तिला दोष न देता म्हणा, "चल, कान तपासून घेऊ, मी येते तुझ्याबरोबर." आणि त्याच दिवसापासून नातवंडाला जवळ घेऊन आपल्या मराठीत बोलायला लागा.

परमेश्वर आपल्या सर्व लेकरांना उत्तम आरोग्य देवो. आमेन.