दुखणे पुन्हा उलटेल काय?

उतरलेला ताप पुन्हा भरला म्हणजे ‘दुखणे उलटले’ असे आपण म्हणतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात बहुतेकांच्या बाबतीत आरंभीची वर्षे अशा उलटण्याचीच असतात. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर, विजेच्या तारेवर असावे तसे, मायलिनचे वेष्टन असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच या वेष्टनावर चाल करून जाते आणि ते ठिकठिकाणी झडते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन केले. हा केवळ थंड देशांचा रोग नव्हे. पारशी समाजात तो आढळतो, हे मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह १९९० साली दाखवून दिले.

बहुधा ऐन तारुण्यात एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते किंवा पाय बधिर होतो. काही आठवड्यांत सुधारणाही होते. मग रोगी व त्याचे आप्त विचारतात : पुन्हा केव्हा? या प्रश्नाला वैद्यकाजवळ उत्तर नाही. संभव किती, याचे उत्तर मात्र अंशतः देता येते.

प्रथम खरा झटका ओळखला पाहिजे. समजा, दिल्लीच्या करोल बागेत राहणारी एक रोगी स्त्री मे महिन्यातील दुपारी अजमल खान रस्त्यावरून बाजार करून परतली आणि तिला अंधुक दिसू लागले. पंख्याखाली तासभर विसावल्यावर दृष्टी पूर्ववत झाली. हे दुखणे उलटणे नव्हे. शरीराचे तापमान थोडे वाढले तरी वेष्टन झडलेल्या तंतूंतून संदेश नीट वाहत नाहीत, एवढेच. जर्मन नेत्रवैद्य ऊथोफ यांनी १८९० साली याची नोंद केली होती. नवी लक्षणे निदान चोवीस तास टिकली आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसला, तरच त्यांस खरा झटका म्हणतात. हा भेद ठाऊक नसेल, तर दिल्लीतील प्रत्येक उन्हाळा भयाचा ठरेल.

आता संभवाचा विचार करू. पहिला झटका येऊन गेलेल्या रोग्यांची लंडनमध्ये सुमारे वीस वर्षे पाहणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आरंभीच्या एम. आर. आय. चित्रात ज्यांच्या मेंदूत चट्टे दिसले होते, त्यांच्यापैकी शेकडा ८२ जणांना पुढे हा रोग निश्चितपणे जडला. ज्यांचे चित्र निर्दोष होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा २१ होते. काळाचाही प्रभाव असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात २५४ स्त्रियांची पाहणी होती. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत झटके पुष्कळच घटले, तर बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते पूर्वीपेक्षाही वाढले.

तथापि, शेकडेवारी समूहाची असते, व्यक्तीची नव्हे. निर्दोष चित्र असलेल्या शंभरांपैकी २१ जणांना रोग जडलाच, आणि चट्टे असूनही १८ जण त्यातून सुटले. आपण कोणत्या गटात आहोत, हे कोणालाही आधी सांगता येत नाही.

मग अशा भाकिताचा उपयोग काय? तो औषध निवडण्यात आहे. अमेरिकेत १९९३ साली बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली. त्यानंतर अधिक प्रभावी औषधे आली. ती रोग समूळ नष्ट करीत नाहीत, परंतु झटके कमी करतात. त्यांतील काही प्रबळ औषधांमुळे गंभीर जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. म्हणून ज्याला संभव अधिक, त्याने हा धोका पत्करणे रास्त; ज्याला कमी, त्याने सौम्य उपायांवर लक्ष ठेवून थांबणेही शहाणपणाचे ठरू शकते. मात्र झटका नाही म्हणजे रोग थांबला, असे समजू नये. बाहेर काहीच जाणवत नसताना मेंदूत नवे चट्टे उमटू शकतात. यास्तव बरे वाटत असतानाही ठरलेल्या वेळी तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.