अंत्यविधीचा खर्च आधी विचारून घ्या

घरात मृत्यू झाला की पहिला फोन नातेवाइकांना जातो आणि दुसरा मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात. बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, गोवऱ्या, पांढरं कापड तिथं मिळतंच. पण शहरात तिरडी बांधता येणारे शेजारी आता फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे बांधणारा माणूसही बऱ्याचदा दुकानातूनच येतो. मडकं कोणी धरायचं, खांदा कधी बदलायचा, हे तोच हलक्या आवाजात सांगतो. गोंधळलेल्या घराला त्या वेळी त्याचाच आधार असतो. त्याच्या कष्टाचे पैसे मनापासून द्यावेत. फक्त आकडा आधी ठरवावा.

हे बोलणं मृताच्या मुलावर किंवा पत्नीवर टाकू नका. एखादा मेहुणा, जुना शेजारी पुढे करा. ‘सगळं मिळून’ असा दर सांगितला, तर त्यात शववाहिनी, सामान, गुरुजींची दक्षिणा यांपैकी काय धरलंय ते कागदावर लिहून घ्या. खासगी शववाहिनी ठरवण्यापूर्वी महापालिकेत चौकशी करा. मुंबई महापालिकेच्या स्मशानभूमीत दहनासाठी ३०० किलो लाकूड मोफत मिळतं. विद्युत किंवा गॅसदाहिनी निवडली तर लाकूड लागतच नाही. अंत्यसंस्काराच्या आणि मृतदेह नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही, बिलात दिसला तर काढायला सांगा. रुग्णालयाचं बिल बाकी असेल तरी घाबरू नका: थकबाकीसाठी मृतदेह अडवू नये, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची रुग्ण हक्क सनद सांगते.

पैशांपेक्षा कागदांची हयगय जास्त महागात पडते. मृत्यूच्या कारणाचा दाखला शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी विनाशुल्क द्यायचा असतो, तशी तरतूद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. घरी मृत्यू झाला असेल तर आधी डॉक्टरांना बोलवा, कारण या दाखल्यावाचून स्मशानातलं काम अडतं. अर्जात मृताचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. एका वेलांटीसाठी बँक आणि विमा कंपनी महिनोन्‌महिने खेपा घालायला लावतात. नोंदणी २१ दिवसांत करा. पुढे विलंब शुल्क लागतं आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. मृत्यू दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढा.

दाहिनीतल्या अस्थी काही तासांत मिळतात. त्या घ्यायला कोण येणार हे स्मशानातून निघण्यापूर्वी ठरवा आणि पावती त्याच्याकडेच द्या.