गुप्तचर व तपास सेवा : भरतीचा खरा मार्ग



वर्ग अकरावी-बारावीची मुले करिअरविषयी बोलायला आली की ‘रॉ मध्ये भरती कशी होते?’ हा प्रश्न हमखास निघतो. सिनेमाचा प्रभाव, दुसरे काय! पण प्रश्न वाईट नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक फरक लक्षात घ्या. गुप्तचर संस्था माहिती गोळा करते, तपास संस्था गुन्ह्याचा पुरावा गोळा करून न्यायालयात मांडते. इंटेलिजन्स ब्यूरो म्हणजे आयबी ही देशांतर्गत गुप्तचर संस्था गृहमंत्रालयाच्या अधीन आहे आणि तिची मुळे १८८७ पर्यंत जातात. रॉ ची स्थापना १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली झाली. तिचे कार्यक्षेत्र परदेश. सीबीआय हे नाव १ एप्रिल १९६३ पासूनचे, परंतु तिला अधिकार मिळतात ते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याने. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला, त्यानंतर महिनाभरातच एनआयएचा कायदा संमत झाला.

आता रॉ विषयी. बारावी किंवा पदवीनंतर सरळ ‘रॉ ची परीक्षा’ देता येईल, अशी कोणतीही परीक्षा नाही. तेथे पुष्कळ अधिकारी आयपीएस व इतर केंद्रीय सेवांतून घेतले जातात. मंत्रिमंडळ सचिवालय काही तांत्रिक पदांची जाहिरात मात्र काढते. त्यासाठी अभियांत्रिकी वा विज्ञानाची पदवी आणि गेट परीक्षेचे गुण लागतात. तेव्हा ‘रॉ मध्ये थेट भरती’ असे सांगून कोणी फी मागत असेल तर पालकांनी तेथूनच परत फिरावे.

आयबीचा दरवाजा उघडा आहे. सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी (श्रेणी दोन) या पदासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. वय १८ ते २७, आरक्षित वर्गांना नियमानुसार सवलत. २०२५ मध्ये या पदाच्या ३७१७ जागा निघाल्या होत्या. पहिल्या टप्प्यात तासाभरात शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, चूक झाली की पाव गुण वजा. मग वर्णनात्मक पेपर आणि शेवटी मुलाखत. या वर्णनात्मक पेपरात इंग्रजीचा भाग असतो आणि आमच्या मुलांचे घोडे नेमके तिथे अडते. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे, म्हणून ही अडचण काय असते ते मला कुणी सांगायला नको. आठवीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. याला क्लासची गरज नाही.

आयबीतच सुरक्षा सहायक हे पद दहावी उत्तीर्णांसाठी आहे. यात स्थानिक भाषेचे ज्ञान सक्तीचे असते आणि त्या भाषेतून इंग्रजीत व उलट भाषांतर करावे लागते. मराठी घरातल्या मुलाला हे वाचून आनंद होईल, पण थांबा. ज्या राज्यातून अर्ज करायचा त्या राज्याचा मूलनिवासी दाखला लागतो. आजोबांचे गाव साताऱ्याला असले तरी ग्वाल्हेरात वाढलेल्या, मध्य प्रदेशचा दाखला असलेल्या मुलाला मुंबई केंद्राच्या जागेवर अर्ज करता येत नाही. आपल्या राज्याच्या केंद्रापुढे कोणत्या भाषा दिल्या आहेत ते जाहिरातीत नीट वाचा, मगच फॉर्म भरा.

सीबीआय आणि एनआयएतील उपनिरीक्षकांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या संयुक्त पदवीधर परीक्षेतून होते. सीबीआयसाठी वय २० ते ३०. मुलांची उंची सीबीआयला १६५ सेंटीमीटर, एनआयएला १७० लागते. मुलींना दोन्हीकडे १५०. मुलींनो, हे मुद्दाम लिहिले आहे. ज्यांना कायदा शिकायचा आहे त्यांच्यासाठी सीबीआयमध्ये सरकारी वकिलांचीही पदे असतात.

याच परीक्षेतून केंद्रीय नारकोटिक्स ब्यूरोत उपनिरीक्षक होता येते. तिचे मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरात आहे, आणि गंमत म्हणजे मुलांना ते ठाऊक नसते! नीमच-मंदसौरकडील अफूच्या शेतीचे परवाने आणि अवैध व्यापाराला आळा, ही तिची कामे.

मराठी मुलांनी सदानंद दाते यांचे नाव लक्षात ठेवावे. २६/११ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेक्यांशी लढताना ते जखमी झाले; पुढे २०२४ मध्ये एनआयएचे महासंचालक झाले. त्यांचे ‘वर्दीतल्या माणसाच्या नोंदी’ हे पुस्तक मराठीत आहे.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. निवडीनंतर चारित्र्य व पूर्ववृत्ताची पडताळणी होते. एखादा पोलीस खटला असेल तर तो फॉर्ममध्ये लपवू नये. खोटी माहिती उघडकीस आली की नोकरीच जाते. दुसरे, १९८५ च्या कायद्यानुसार गुप्तचर कर्मचाऱ्यांच्या संघटना व वर्तमानपत्रांशी बोलण्यावर बंधने आहेत. बदली भारतात कुठेही होते. मुलगा काय काम करतो हे शेजाऱ्यांना सांगता येणार नाही, कदाचित तुम्हालाही कळणार नाही. याची तयारी घरातल्यांचीही हवी.

अर्ज गृहमंत्रालयाच्या वा निवड आयोगाच्या संकेतस्थळावरूनच भरावा. जाहिरातीत दिलेल्या शुल्काखेरीज एक पैसाही कुणाला देऊ नये, मग तो ओळखीतला का असेना.