सातबाराचा उतारा

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीच्या काठी, नामपूर हे गाव वसले आहे. सटाणा हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण. कांदा, मका, बाजरी व डाळिंब ही या भागातील परिचित पिके होत. येथील शेतकऱ्याच्या घरी एक कागद जिवापाड जपलेला असतो. तो म्हणजे सातबाराचा उतारा.

गावच्या जमिनीचा हिशेब निरनिराळ्या नमुन्यांत ठेवला जातो. जमीन कोणाच्या नावे आहे व तिच्यावर कोणाचे कर्ज आहे, हे नमुना 7 मध्ये नोंदतात. तिच्यात कोणते पीक घेतले, हे नमुना 12 मध्ये नोंदतात. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. पीककर्ज काढावयाचे असो, जमीन विकावयाची असो वा तिच्याविषयी दावा चालवावयाचा असो, हा उतारा प्रथम मागितला जातो.

पूर्वी तलाठी हा उतारा हाताने लिहून देत. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे असत. मृग जवळ आलेला, बियाण्यासाठी कर्ज हवे, आणि तलाठी नेमके दुसऱ्या गावी, असे कित्येकदा घडे. एका कागदापायी शेतकऱ्याला हेलपाटे पडत व दिवसाचे काम बुडे.

संगणकाने ही अडचण पुष्कळ हलकी केली. 1 मे 2018 पासून महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून दिला. 15 रुपये शुल्क भरले की तो घरबसल्या मिळतो. त्यावर शाईची सही नसते. परंतु 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली आहे. उताऱ्यावरील क्रमांकावरून तो खरा की बनावट, हेही पडताळता येते. 15 ऑगस्ट 2021 पासून तर शेतकरी आपल्या शेतात उभा राहून मोबाइलने पिकाचे छायाचित्र घेतो आणि पिकाची नोंद स्वतःच करू शकतो.

तथापि, यंत्राला खरेखोटे कळत नाही. चुकीचे नाव भरले, तर तीच चूक ते निमूटपणे छापून देते. म्हणूनच 2017 साली गावोगावी चावडीवाचन झाले. संगणकातील नोंदी ग्रामस्थांपुढे मोठ्याने वाचल्या गेल्या व लोकांनी त्यांतील चुका दाखविल्या. आजही जमिनीच्या मालकीत बदल नोंदविण्यापूर्वी संबंधितांना हरकत घेण्यास मुदत दिली जाते. एखाद्या विधवेचे नाव वारसांतून गळाले, तर संगणक ते आपण होऊन लिहिणार नाही. कोणीतरी उतारा वाचून ती चूक दाखवावी लागेल, तेव्हाच तिचा हक्क टिकेल.

ज्या घरी आजी-आजोबांना अक्षरओळख नाही, तेथे शाळेत जाणाऱ्या मुलाने वा मुलीने तो उतारा त्यांना वाचून दाखवावा. उतारा क्षणात मिळू लागला, ही विज्ञानाची देणगी; तो खरा राखणे हे मात्र माणसाचेच काम आहे.

स्वाध्याय
1. सातबारा हे नाव कशावरून पडले?
2. चावडीवाचनाची आवश्यकता का भासली?
3. घरातील वडीलधाऱ्यांच्या मदतीने एक सातबारा वाचा व त्यातील नोंदी वहीत लिहा.